मानपत्र लिहिण्याआधी

आमच्या आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगच्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचे सत्कार पूर्वीपासून होत आले आहेत. पद्धत ठरलेली होती. ज्याचं नाव त्या वर्षी गाजलं, ज्याला बाहेर मोठा पुरस्कार मिळाला, त्याला बोलवायचं, शाल-श्रीफळ द्यायचं आणि दोन शब्द बोलायची विनंती करायची. यात गैर काहीच नाही. नाव कमावलेल्या माणसाचं कौतुक त्याच्या स्वतःच्या कॉलेजात व्हायलाच हवं. पण जगाने आधीच निवडलेल्या माणसाला आपण पुन्हा निवडतो, तर मग आपण स्वतः काय पाहिलं, असा प्रश्न माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सरांनी विचारला. त्यावर बरीच चर्चा झाली आणि ठरलं की यापुढे रीतसर नामांकनं मागवायची, कागदपत्रं तपासायची, कामं प्रत्यक्ष जाऊन बघायची आणि मगच नावं जाहीर करायची. निवड समितीच्या सचिवपदाचं काम माझ्याकडे आलं. दादरला माझं छोटं ऑफिस आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं आम्ही करतो. ऑफिस सांभाळून हे जमेल का अशी शंका होती, पण विषय मनापासून जवळचा होता.

काम अर्जाच्या पहिल्याच ओळीला अडलं. माजी विद्यार्थी म्हणायचं कोणाला? ‘पदवी उत्तीर्ण’ अशी अट टाकली की प्रश्न सुटतो असं वाटतं, पण तसं नाही. वास्तुकार बाळकृष्ण दोशी १९४७ साली मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि शिक्षण पुरं होण्याआधीच लंडनला गेले. तिथून पॅरिसला विख्यात वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे. २०१८ मध्ये प्रिट्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. पदवीचा निकष कडक लावला तर जे.जे.ने त्यांना आपलं म्हणायचं की नाही? आमच्याकडेही अशी माणसं होती. कोणी तिसऱ्या वर्षी घरच्या अडचणीने कॉलेज सोडलं आणि पुढे लाकूडकामात किंवा नाटकाच्या नेपथ्यात मोठं काम केलं. जुन्या पिढीतल्या अनेकांकडे बी.आर्क. नाही, जी.डी. आर्क. हा सरकारी डिप्लोमा आहे. आणि प्लॅनिंगच्या पदव्युत्तर वर्गाला येणारे कितीतरी जण मुळात सिव्हिल इंजिनिअर. ते आमच्याकडे दोनच वर्षं होते, त्यांची बॅच लहान, स्नेहसंमेलनाच्या फोटोत ते एका कडेला उभे. सत्कारांच्या आजवरच्या यादीत त्यांच्यापैकी एकही नाव नव्हतं. शेवटी अर्जात लिहिलं, ‘या संस्थेत किमान एक शैक्षणिक वर्ष शिकलेली व्यक्ती’. समितीतल्या काहींना हे फार सैल वाटलं. मला ते आजही योग्य वाटतं.

माजी विद्यार्थी एकत्र आले की काय उभं राहू शकतं याचं उदाहरण आपल्या शहरातच आहे, ते इथे सांगायला हवं. जे.जे.त १८९६ साली ड्राफ्ट्समन तयार करण्यासाठी वर्ग सुरू झाला, त्यातून पुढे वास्तुकलेचं शिक्षण आकाराला आलं. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली एक संघटना काढली. गेटवेचे वास्तुकार जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. हीच संघटना १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स म्हणून देशभर ओळखली जाऊ लागली. एका कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांनी सबंध व्यवसायाला घर दिलं. माजी विद्यार्थी संघाने वर्षातून एकदा जेवण घालून थांबू नये, असं मला वाटतं ते यासाठी.

अर्ज गेले, नामांकनं येऊ लागली. पहिल्या गठ्ठ्यात उंच टॉवर, अलिबागची बंगलेवजा घरं, हॉटेलांची इंटिरिअर्स. फोटो एकाहून एक सुंदर. महापालिकेत, म्हाडात, सिडकोत, नगररचना खात्यात आयुष्य काढलेल्यांपैकी मात्र कोणीही नव्हतं. फोन केले तेव्हा कारण कळलं. नोकरीत असलेल्यांना परवानगीची धास्ती, आणि निवृत्त झालेल्यांचं म्हणणं, स्वतःचं कौतुक स्वतःच कसं लिहून पाठवायचं? खाजगी प्रॅक्टिस करणाऱ्याला आपलं काम मांडायची सवय असते, ती त्याच्या पोटापाण्याचीच बाब आहे. खात्यात तीस वर्षं टिपणी ‘सादर’ करणाऱ्याला ती सवय नसते. म्हणून आम्ही नियम बदलला. नामांकन दुसऱ्याने द्यायचं, ज्याचं नाव आहे त्याची फक्त संमती घ्यायची. बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निरोप फिरले आणि पंधरवड्यात चित्र पालटलं.

स्त्रियांची नावं मिळवणं हे याहून अवघड गेलं. पेरिन मिस्त्री १९३६ साली जे.जे.तून उत्तीर्ण झाल्या, भारतातल्या पहिल्या शिक्षित महिला आर्किटेक्ट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. म्हणजे मुंबईत ही वाट मोकळी होऊन किती दशकं झाली बघा. आमच्या वर्गातही मुली निम्म्याच्या आसपास होत्या. पण पहिल्या यादीत बायका बोटांवर मोजण्याइतक्या. मग ऑफिसमधलं जुनं प्रवेश रजिस्टर काढलं. लाल कापडी पाठीचं, बांधणी उसवलेलं, शाईचा रंग तपकिरी झालेला. त्यात अनुक्रमांक, नाव, वडिलांचा व्यवसाय, गाव, शेरा. नावं सगळी माहेरची. आज त्या कोणत्या आडनावाने, कोणत्या गावात, काय करतात हे रजिस्टर सांगत नाही. रजिस्टर सांभाळणाऱ्या काकांना मात्र आश्चर्य वाटेल इतकं आठवत होतं. ‘ही ना, हिने बॅचमधल्याशीच लग्न केलं, नाशिकला ऑफिस आहे दोघांचं.’ नाशिकला फोन लावला तर पाटीवर नवऱ्याचं नाव, आणि धरणग्रस्तांच्या वसाहतींतल्या शाळांची सगळी डिझाइन्स बाईंची. अशी एकेक गाठ सोडवत गेलो. माझ्या मते पूर्ण प्रक्रियेत सर्वांत मोलाचं काम हेच झालं, आणि ते कोणत्याही मानपत्रात दिसणार नाही.

मग श्रेयाचा प्रश्न. इमारत एका माणसाची कधीच नसते. कल्पना एकाची, वर्किंग ड्रॉइंग्ज दुसऱ्याची, महापालिकेतून आयओडी आणि सीसी, म्हणजे बांधकामाच्या परवानग्या, आणणारा तिसरा, आणि साइटवर उभं राहून स्लॅब भरून घेणारा चौथा. एकाच इस्पितळाच्या इमारतीसाठी दोन वेगळ्या बॅचच्या दोघांची नामांकनं आली. दोघांच्याही पोर्टफोलिओत तीच इमारत, शब्द तेच, ‘मुख्य वास्तुकार’. समितीत थोडी कुजबुज झाली. आम्ही दोघांकडून मूळ ड्रॉइंग्ज मागवली आणि टायटल ब्लॉक बघितले. शीटच्या उजव्या कोपऱ्यात ‘ड्रॉन’ आणि ‘चेक्ड’ असे दोन चिमुकले रकाने असतात, त्यात आद्याक्षरं. पहिल्या दोन वर्षांच्या शीटवर एकाची आद्याक्षरं, नंतरच्या सगळ्या शीटवर दुसऱ्याची. खोटं कोणीच बोलत नव्हतं. एकाने इमारत मांडली होती, दुसऱ्याने ती बजेट निम्मं झाल्यावरही उभी करून दाखवली होती. दोघांना समोरासमोर बसवून विचारलं तेव्हा दोघांनीही ते मोकळेपणी मान्य केलं, आणि संयुक्त नामांकन केलं.

ड्रॉइंग्ज जपलेली असली तर काय होतं हे आर्किटेक्ट गजानन म्हात्रे यांच्या उदाहरणावरून कळतं. मरीन ड्राइव्हवरचं सूना महाल, ओव्हल मैदानासमोरचं एम्प्रेस कोर्ट ही त्यांची कामं. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ओव्हलच्या कडेची ही रांगही आहे. आर्किटेक्ट कामू अय्यर यांनी पुढाकार घेऊन म्हात्र्यांच्या कामावर पुस्तक केलं म्हणून आजच्या विद्यार्थ्याला त्यांचे प्लॅन वाचायला मिळतात. नाहीतर चर्चगेटहून रोज जाणाऱ्या हजारोंपैकी किती जणांना ठाऊक आहे की हे गोलाईदार कोपरे आणि छज्ज्यांच्या आडव्या रेषा म्हात्रे नावाच्या मराठी माणसाने काढल्या? आमच्या अर्जात मूळ ड्रॉइंग जोडण्याची अट घातल्याने एक चांगली गोष्ट घडली. दिवंगत आर्किटेक्टांच्या घरून, माळ्यावर ठेवलेल्या ट्रेसिंगच्या गुंडाळ्या कॉलेजात यायला लागल्या. गिरगावातल्या एका ताईंनी वडिलांच्या गुंडाळ्या टॅक्सीत घालून स्वतः आणून दिल्या. आता लायब्ररीत त्यांचं स्कॅनिंग चालू आहे.

कामं बघायला जायचं ते पावसाळ्यात, हा आग्रह माझा होता. डिसेंबरात मुंबईतली कुठलीही इमारत चांगलीच दिसते. जुलैत कळतं छज्जा किती बाहेर काढलाय, त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायला खाच ठेवलीय का, जिन्यात ओल येते का, दाराशी छत्र्या ठेवायला जागा आहे का. उपनगरातल्या एका शाळेचे फोटो समितीत सगळ्यांना आवडले होते. वर्गाबाहेरचा व्हरांडा उघड्या उभ्या पट्ट्यांनी वेढलेला, त्यातून येणारा उजेड सुरेख. प्रत्यक्ष गेलो तर त्या पट्ट्यांमधून पाऊस थेट आत, मुलांच्या चपला भिजलेल्या, आणि पट्ट्यांवर आतून निळी ताडपत्री बांधलेली. मुख्याध्यापिका बाईंनी तक्रारही केली नाही, म्हणाल्या, ‘चार महिने बांधतो, मग काढतो.’ ते नाव यादीतून गळलं. त्याच आठवड्यात गिरगावातल्या एका चाळीची दुरुस्ती बघितली. सेस म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी, १९४० च्या आधीची इमारत. कुजलेल्या सागवानी तुळया एकेक करून बदललेल्या, भाडेकरूंना एकही रात्र बाहेर न काढता. ज्यांनी हे केलं त्यांच्याबरोबर मी पूर्वी काम केलेलं असल्याने त्या चर्चेत मी बसले नाही. हितसंबंध असेल त्याने बाहेर थांबायचं हा नियम सगळ्यांनी पाळला. त्यांची निवड झाली हे मला दारातच कळलं आणि फार आनंद झाला.

पण माझं मन ज्या भेटीत सर्वांत जास्त गुंतलं ती चारकोपची. कांदिवलीचं चारकोप आज मेट्रोमुळे सगळ्यांना माहीत आहे. ही वसाहत ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पात म्हाडाने वसवली. बांधलेली घरं वाटायची नाहीत, सोयींसह लहान लहान प्लॉट द्यायचे आणि घर लोकांनी ऐपतीप्रमाणे बांधत जायचं, अशी कल्पना. रस्त्याकडेचे मोठे प्लॉट आणि दुकानं जास्त दराने द्यायची, त्यातून आतल्या लहान प्लॉटचा भार हलका करायचा. तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी, मध्ये सामाईक चौक. त्या लेआउटवर राबलेल्या चमूतल्या एक निवृत्त प्लॅनर मॅडम, आमच्या प्लॅनिंगच्या वर्गातल्या. नामांकन त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने दिलं होतं. सोबत फोटो एकही नव्हता.

त्यांच्याबरोबर रविवारी सकाळी गेलो. मॅडम पुढे, छत्री काठीसारखी टेकत. एका बोळातून आत शिरलो आणि चौक आला. पेव्हर ब्लॉक, कोपऱ्यात तुळस, दोरीवर गोधड्या, दोन स्कूटर, एक रिक्षा, पडवीत कॅरम. घरं कुठे दोन मजली, कुठे तीन, एकाचाही रंग दुसऱ्याशी जुळत नाही. नळाशी मासे साफ करत असलेल्या काकूंनी वर बघून विचारलं, ‘सर्व्हेला आलात का? पुनर्विकासाचं असेल तर सेक्रेटरींना भेटा.’ मॅडमनी सांगितलं, तसं काही नाही, आणि लगेच पहिला प्रश्न विचारला, ‘पाणी तुंबतं का हो इथे?’ काकू म्हणाल्या, ‘जोराचा पडला की घोट्याएवढं, थांबला की उतरतं.’ मॅडमच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी पाहिला. चौकाचा उतार कुठल्या बाजूला काढलाय ते त्यांनी मला छत्रीच्या टोकाने दाखवलं.

मग म्हणाल्या, ‘चौकाची रुंदी ठरवताना खूप भांडले होते मी. कमी केली असती तर आणखी प्लॉट बसले असते. पण बघ, सगळ्यांची दारं चौकात उघडतात. ज्याचं दार जिथे उघडतं ती जागा तो अडवत नाही, दुसऱ्यालाही अडवू देत नाही.’ मी भोवती बघितलं. घरं वर वाढली होती, पण चौक जवळपास मूळ मापाचा राहिला होता. काकूंनी सांगितलं, मुलीची हळद इथेच झाली, गणपतीचा मांडवही इथेच पडतो. एवढ्या वर्षांत हॉल भाड्याने घ्यावा लागला नाही.

हे समितीपुढे मांडायचं कसं? खात्याच्या नकाशांवर माणसांची नावं नसतात, हुद्द्यांचे शिक्के असतात. सहायक नियोजनकार, उपनियोजनकार. कोण कधी त्या खुर्चीवर होतं हे बदलीच्या आदेशांवरून जुळवावं लागलं. तीन सहकाऱ्यांकडून लेखी निवेदनं घेतली, त्यांत तिघांनीही चौकाच्या रुंदीचा तो वाद आपणहून लिहिला होता. तरी बैठकीत प्रश्न आलाच, समारंभात पडद्यावर दाखवायचं काय? विचारणारे सर स्वतः उत्तम डिझायनर, त्यांचा हेतू सरळ होता. मी म्हटलं, प्लॅनर जे करतो त्यातलं निम्मं काम काहीतरी होऊ न देण्याचं असतं. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखड्यावर हरकती-सूचना येतात, सुनावण्या चालतात, आणि एखादं मैदान मैदानच राहतं कारण कोणीतरी फायलीवर ठाम टिपणी लिहिलेली असते. त्याचा फोटो काढायचा तर मैदानात खेळणाऱ्या मुलांचाच काढावा लागेल. नवी मुंबईचं बघा. १९६५ च्या सुमाराला चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याचा प्रस्ताव मांडला, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ही तीन नावं आपण घेतो आणि घ्यायलाच हवीत. पण त्यानंतर एकेका नोडचे, म्हणजे उपनगराचे, सेक्टर, गटारं, शाळांच्या जागा ठरवत बसलेल्या शेकडो जणांत आपली मुलंही होती, त्यांची नावं त्यांच्या कॉलेजालाही माहीत नसावीत का? बोलताना माझा आवाज चढला होता. सर शांतपणे म्हणाले, ‘मग त्यांनाच नकाशा घेऊन उभं करू. फोटो कोणाचाच नको. प्रत्येकाने आपलं एक ड्रॉइंग दाखवायचं आणि समजावून सांगायचं.’ समारंभाचं रूप त्या एका वाक्याने ठरलं.

मानपत्र लिहायला बसले तेव्हा जुनी मानपत्रं समोर होती. असामान्य प्रतिभा, अथक परिश्रम, मोलाचं योगदान. नाव बदललं तर कोणालाही चालतील अशी. आम्ही ठरवलं, विशेषणं काढायची आणि काम लिहायचं. कुठे, कधी, काय केलं, त्याने कोणाचं काय बदललं. एका पानात बसवायला मेहनत पडते, पण मग मजकूर त्या माणसाचाच होतो. मॅडमना मसुदा फोनवर वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि एकच बदल सुचवला. ‘अगं, त्या जमिनीचा सर्व्हे ज्यांनी केला ना, चिखलात गुडघाभर उभे राहून, त्यांचा उल्लेख घाल. नावं मला आठवतात, देते मी.’ चार नावं त्यांनी दिली. मानपत्रात ती चारही आली.

समारंभ कॉलेजच्याच हॉलमध्ये केला, संध्याकाळी, लोकल पकडून येणाऱ्यांना सोयीचं पडावं म्हणून. दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळही दिलं, ते हवंच. भाषणं मात्र ठेवली नाहीत. इस्पितळवाल्या दोघांनी इमारतीचा एकच सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं ड्रॉइंग, समोर धरून आपापला भाग सांगितला. नाशिकच्या बाईंनी शाळेच्या खिडकीचा तपशील दाखवला, बसलेल्या मुलाची नजर बाहेर जाईल इतकी खाली घेतलेली चौकट. मॅडमनी चारकोपच्या लेआउटची अमोनिया प्रिंट, म्हणजे जुन्या पद्धतीची नकाशाची प्रत, टेबलावर पसरली आणि चौथ्या वर्षाची मुलं खुर्च्या सोडून भोवती उभी राहिली. एका मुलीने विचारलं, आज पुनर्विकासात हे चौक जातील, मग काय राहील? मॅडमनी गुळमुळीत उत्तर दिलं नाही. म्हणाल्या, ‘जातीलही. म्हणून आत्ता जाऊन मोजा. किती रुंदीला काय काय होतं ते लिहून ठेवा, नवीन इमारतीत मागायला आकडे लागतील.’ त्या सत्राचा स्टुडिओ प्रकल्प मुलांनी चारकोपवर घेतला. मोजमापाच्या शीट लायब्ररीत लावल्यात.

पुढच्या फेरीच्या अर्जात एक रकाना वाढवला आहे: या कामात आणखी कोण होतं. ड्राफ्ट्समन, सर्व्हेअर, साइट सुपरवायझर, सगळे. अर्ज दिवाळीनंतर निघतील. महापालिकेत, जिल्हा परिषदेत, नगररचना कार्यालयात काम केलेले वर्गमित्र आठवत असतील तर त्यांची नावं तुम्हीच सुचवा. मैत्रिणींची नावं कळवताना माहेरचं आडनावही लिहा, रजिस्टरात तेच सापडतं.